डॉक्टर, ही गोळी कशासाठी?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

औषधचिठ्ठीबद्दल प्रश्न मागवल्यावर अलिबागपासून कुडाळपर्यंत पत्रे आली. बरीचशी एकाच सुराची होती, त्यामुळे सात निवडली आहेत. पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत. उत्तरे डॉक्टर आणि औषधनिर्माणशास्त्राच्या जाणकारांनी मिळून लिहिली आहेत.

आमचे डॉक्टर नेहमी कंपनीच्या नावाने गोळी लिहितात. जनऔषधी केंद्रात तीच गोळी निम्म्याहून कमी किमतीत मिळते. जेनेरिक लिहून द्या असे सांगितले तर डॉक्टरांना राग येईल का? आणि जेनेरिक हलके असते का?
(एक वाचक, देवगड)

आधी हलक्या-भारीचे बघू. मेडिकलमधल्या बहुतेक ‘कंपनीच्या’ गोळ्याही जेनेरिकच असतात. मूळ औषधाचे पेटंट केव्हाच संपलेले असते आणि पन्नास कंपन्या तेच रसायन पन्नास नावांनी विकत असतात. रक्तदाबावरची टेल्मिसार्टन ४० ची गोळी कोणत्याही नावाची घेतली तरी आत ४० मिलिग्रॅम टेल्मिसार्टनच असायला हवे. जी औषधे पाण्यात सहज विरघळत नाहीत, त्यांच्या परवान्यासाठी २०१७ पासून एक अट आहे. आपली गोळी मूळ औषधाइतकीच रक्तात उतरते, हे कंपनीला दाखवून द्यावे लागते. तेव्हा ‘स्वस्त म्हणजे हलके’ हा हिशेब इथे चालत नाही.

नियमही तुमच्या बाजूने आहे. इंडियन मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारनियमांत २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यानुसार डॉक्टरने औषध जेनेरिक नावाने (म्हणजे रसायनाच्या नावाने), वाचता येईल असे आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहायचे असते. २०२३ च्या २ ऑगस्टला आलेले नवे, अधिक कडक नियम २३ ऑगस्टला स्थगित झाले. त्यामुळे हिशेब २००२ च्याच नियमांचा. रागाचे म्हणाल, तर नम्रपणे विचारलेल्या प्रश्नाचा राग यायचे काही कारण नाही.

पण डॉक्टरांची एक खरी अडचण समजून घ्या. चिठ्ठीवर नुसते रसायनाचे नाव असेल, तर कंपनी कोणती हे डॉक्टरऐवजी मेडिकलवाला ठरवतो. दुकानांना थेट विकल्या जाणाऱ्या काही जेनेरिक पट्ट्यांवर छापील किंमत भरपूर असते आणि दुकानदाराची खरेदी तिच्या एका तुकड्यात झालेली असते. गिऱ्हाईक ‘जेनेरिक द्या’ म्हणते, छापील किमतीवर थोडी सूट मिळाली म्हणून खूश होते, आणि उरलेला फरक गल्ल्यात जातो. उलट चिठ्ठीवर ब्रँड लिहिलेला असेल, तर शेड्यूल एच मधल्या (म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या) औषधाच्या जागी दुसरा ब्रँड देण्याची दुकानदाराला कायद्याने मुभा नाही. म्हणून मधला मार्ग बरा: डॉक्टरने रसायनाचे नाव व ताकद मोठ्या अक्षरांत लिहावी आणि कंसात माफक किमतीचा एक ब्रँड द्यावा. तुम्ही मेडिकलमध्ये ‘जेनेरिक आहे का’ असे न विचारता ‘दहा गोळ्यांची छापील किंमत किती’ असे विचारा आणि ती जनऔषधीच्या किमतीशी ताडून बघा.

एक अपवाद ध्यानात ठेवा. थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन, रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन, फिटवरची फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन यांची एक कंपनी लागू पडली की ती बदलू नये. या औषधांत गुणकारी मात्रा आणि कमी-जास्त होणारी मात्रा यांत अंतर फार थोडे असते. बदलणे भागच असेल तर डॉक्टरांना सांगून, आणि नंतर तपासणी करून.

आई गावी एकटी असते, वय ७४. गणपतीत तिला मुंबईला दाखवून तीन महिन्यांच्या गोळ्या भरून दिल्या. मधे चक्कर आली म्हणून ती गावच्या डॉक्टरांकडे गेली, त्यांनीही गोळ्या दिल्या. आता डब्यात अकरा प्रकारच्या पट्ट्या आहेत. चूक कोणाची आणि करायचे काय?
(मुलगा, बोरिवली, गाव संगमेश्वर तालुका)

तुम्ही पाठवलेल्या यादीत टेल्मिसार्टन दोनदा आहे. मुंबईच्या चिठ्ठीत ४० मिलिग्रॅमची साधी गोळी आहे. गावच्या चिठ्ठीत दुसऱ्या कंपनीची आहे, तिच्यात टेल्मिसार्टनबरोबर लघवीवाटे मीठ-पाणी काढणारी हायड्रोक्लोरोथायझाइड आहे. नावे वेगळी आणि रंग वेगळे, म्हणून आई दोन्ही इमानाने घेते. शिवाय गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक. या तिघांची गाठ मूत्रपिंडाला महागात पडते: टेल्मिसार्टन गाळणीतला दाब उतरवते, लघवीची गोळी शरीरातले पाणी घटवते, आणि डायक्लोफिनॅक मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आखडवते. ऑक्टोबरच्या उन्हात जेवण-पाणी कमी झाले की चक्कर येणारच. त्या चकरेवर पुन्हा चकरेची गोळी मिळते, तीही यादीत आहे.

चूक नेमकी कुठे झाली? पहिला प्रश्न ‘आधीच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, दाखवा’ हा असायला हवा होता. चिठ्ठी लिहिण्याच्या नीतीतला हा अगदी प्राथमिक भाग आहे, पण पन्नास माणसे बाहेर बसलेली असली की तोच पहिला गळतो. मुंबईच्या चिठ्ठीतही एक ओळ हवी होती: ‘जुनी अमुक गोळी बंद’. डॉक्टर नवे औषध ठळक लिहितात, बंद केलेले तोंडी सांगतात. म्हातारे माणूस जुनी पट्टी टाकून देत नाही. ‘पैसे घातलेत’ म्हणून संपवते.

आता करायचे ते असे. घरातले सगळे एका पिशवीत घालायला सांगा. पट्ट्या, मलम, डोळ्यांचे थेंब, काढा, शेजारणीने दिलेली गोळीसुद्धा. प्रत्येक पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत रसायनाचे नाव असते, त्याचा फोटो मागवा आणि एकच नाव दोनदा आले की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. मुंबईच्या डॉक्टरांनी सहा महिन्यांच्या आत प्रत्यक्ष तपासले असेल, तर २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार त्याच आजारासाठी ते फोनवर पाहून सुधारित चिठ्ठी देऊ शकतात. मग मराठीत एकच कागद करा: सकाळ, दुपार, रात्र, कशासाठी, आणि खाली ‘बंद’ असा स्वतंत्र रकाना. त्यावर दोन्हींपैकी एका डॉक्टरची सही घ्या. पुढे तोच एक डॉक्टर गोळ्यांचा कारभारी. औषध कमी केल्यावर दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी), सोडियम, पोटॅशियम तपासा.

जाता जाता: डायक्लोफिनॅकच्या इंजेक्शनची मोठी बाटली २०१५ पासून बंद होऊन ३ मिलिलिटरची एकेरी कुपीच का राहिली, याचे उत्तर गिधाडांत आहे. जनावरांना हे औषध देण्यावर २००६ मध्ये बंदी आली, तरी माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या. असे मेलेले जनावर खाल्ले की गिधाडाचे मूत्रपिंड बंद पडते. आपल्याकडे म्हसळ्याच्या चिरगावात गिधाडे जपण्याचे काम झाले, ते करणाऱ्यांना हे चांगले ठाऊक असेल.

पावसाळ्यात आरोग्यसेविका घरोघरी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटतात. ताप नसताना अँटिबायोटिक घ्यायचे, आणि सर्दीला मागितले तर डॉक्टर देत नाहीत. हा कुठला न्याय?
(शेतकरी, कुडाळ)

पत्रातली चीड रास्त आहे, पण दोन्ही निर्णय बरोबर आहेत. सर्दी-पडसे विषाणूंमुळे होते. त्यावर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही, पोट बिघडते आणि अंगातले जंतू औषधाला सरावतात ते वेगळे. डॉक्सिसायक्लिन वाटतात ती लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठी, आणि तो जिवाणूंमुळे होतो. उंदीर-गुरांच्या मुतातून हे जंतू शेताच्या पाण्यात उतरतात आणि चिखलणी-लावणीच्या दिवसांत पायांच्या भेगांतून शिरतात. धोका कोणाला, किती आठवडे, हे ठरलेले आहे, म्हणून ठरावीक लोकांना ठरावीक काळापुरते औषध देतात. ‘सगळ्यांना, कधीही’ असे ते नसते.

मात्रा आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम, म्हणजे १०० च्या दोन गोळ्या एकदम, लावणीच्या ऐन हंगामात साधारण सहा ते आठ आठवडे. रोज घ्यायच्या नाहीत. जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि त्यानंतर निदान अर्धा तास आडवे होऊ नका. गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते आणि घास गिळताना जीव जातो. दूध, कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीबरोबर घेतली तर ती नीट शोषली जात नाही, दोन-तीन तासांचे अंतर ठेवा. उन्हाने कातडी भाजल्यासारखी होऊ शकते. गरोदर बाई आणि आठ वर्षांखालची मुले यांना ही गोळी नाही. घरात वाटप होताना सेविकेने हे विचारले नाही, तर तुम्ही आपणहून सांगा.

गोळी घेतली म्हणजे कवच मिळाले असे समजू नका. ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे यांतले काही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि ‘शेतात पाण्यात होतो’ हे वाक्य आवर्जून सांगा. डॉक्टरला निदानासाठी त्याहून मोठी मदत नाही.

नवऱ्याला अशक्तपणा होता. एका डॉक्टरांनी सलाईन लावायला नकार दिला, दुसऱ्यांनी लावले आणि दोन तासांत तो तरतरीत झाला. मग पहिल्यांचे चुकले ना?
(गृहिणी, अलिबाग तालुका)

बाटलीत काय होते ते मोजू. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असते, म्हणजे चमचाभरसुद्धा नाही. बाकी पाणी. ग्लुकोजच्या पाच टक्केवाल्या बाटलीत २५ ग्रॅम साखर, गोडमिट्ट चहाच्या दोन कपांत जाते तेवढी. पिवळी दिसली असेल तर त्यात बी-कॉम्प्लेक्सचे इंजेक्शन टोचलेले. एवढ्याने ताकद येत नाही. पंख्याखाली दोन तास स्वस्थ पडून राहिल्याने, पोटात न जाणारे अर्धा लिटर पाणी शिरेतून गेल्याने, आणि काही वेळा बाटलीत गुपचूप घातलेल्या स्टिरॉइडमुळे तरतरी येते. हा शेवटचा प्रकार सगळ्यांत वाईट. भूक लागते, दुखणे पळते, आणि मूळ आजार झाकला जातो.

तोंडाने पाणी जात असेल तर साधारण वीस ग्रॅमची ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात घालून पाजणे हेच औषध. त्यात मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, शिवाय पोटॅशियम, जे साध्या सलाईनमध्ये नसतेच. थांबत नसलेली उलटी, कोरडी पडलेली जीभ, लघवी बंद, रक्तदाब खाली आलेला, अशा वेळी मात्र शिरेतूनच द्यावे लागते. उगाच लावलेल्या बाटलीने हुडहुडी भरते, शीर सुजते, आणि हृदय कमजोर असेल तर फुप्फुसात पाणी साचते.

नकार देणाऱ्याने अशक्तपणाचे कारण शोधायला हिमोग्लोबिन आणि साखर तपासायला सांगितले, असे पत्रात तुम्हीच लिहिले आहे. ते करून घ्या. आपल्याकडे सुईचे पैसे लोक बिनतक्रार देतात, सल्ल्याचे देताना हात आखडतात. त्यामुळे नकार देणाऱ्या डॉक्टरचा दवाखाना ओस आणि बाटल्या टांगणाऱ्याकडे रांग. चिठ्ठी बिघडवायला नेहमी कंपनीच लागते असे नाही.

गुडघ्यांसाठी एका डॉक्टरांकडून आठवड्याच्या पुड्या आणते. कागदात सुट्ट्या गोळ्या असतात, नाव सांगत नाहीत. गुण छान आहे. हल्ली चेहरा सुजल्यासारखा गोल झालाय.
(वाचक, राजापूर)

डॉक्टरने स्वतःच्या रुग्णाला स्वतः औषध देणे कायद्याला मान्य आहे. खेड्यात ती सोयही आहे. नाव लपवणे मान्य नाही. घटक न सांगता ‘गुप्त’ औषध देणे आचारनियमांत अनैतिक धरले आहे. झटपट गुण, गोल झालेला चेहरा आणि सुट्ट्या गोळ्या एकत्र आल्या की स्टिरॉइडचा संशय घ्यावा लागतो. संशयच, खात्री नव्हे.

पुड्या एकदम बंद करू नका. तीन आठवड्यांहून जास्त काळ स्टिरॉइड पोटात गेले की शरीर स्वतःचे बनवणे थांबवते. अचानक तोडल्यास उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, जिवावर बेतू शकते. एक पुडी तशीच जपून ठेवा आणि दुसऱ्या एमडी डॉक्टरांकडे किंवा जिल्हा रुग्णालयात दाखवा. साखर आणि रक्तदाब तपासा. मात्रा हळूहळू उतरवत न्यावी लागते. तोवर पहिल्या डॉक्टरांकडे लेखी चिठ्ठी मागा. चिठ्ठीवर आणि पावतीवर नोंदणी क्रमांक असणे बंधनकारक आहे. एमबीबीएस आणि पुढच्यांची तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे जाते. क्रमांकच नसेल तर आधी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना कळवा.

मी गुहागर तालुक्यात नुकता दवाखाना थाटला आहे. खोली शेजारच्या मेडिकलवाल्याची, भाडे नावापुरते. आता तो ‘या चार कंपन्यांचे लिहा’ म्हणतो. एमआर (औषध कंपन्यांचे प्रतिनिधी) हेही नमुने ठेवून जातात. कुठपर्यंत चालेल?
(एक डॉक्टर)

भाडे नावापुरते होते तेव्हाच त्याची किंमत ठरलेली होती. रुग्ण पाठवल्याबद्दल वा औषध लिहिल्याबद्दल कमिशन घेणे २००२ च्या नियमांत निषिद्ध आहे. ते रोखीत घेतले की भाड्याच्या सवलतीत, याने फरक पडत नाही. बाजारभावाने भाडेकरार करा, भाडे बँकेतून द्या, करारात औषधांचा उल्लेख नको. मेडिकलवाल्याला स्पष्ट सांगा की माझा रुग्ण कुठूनही औषध घेईल. तो खोली काढून घेईल, ही भीती खरी आहे. पण त्याच्या चार कंपन्यांचे लिहून मग दवाखाना बदलणे त्याहून अवघड.

एमआरबद्दल: डिसेंबर २००९ च्या दुरुस्तीने डॉक्टरला कंपनीकडून भेटवस्तू, प्रवास, पाहुणचार, रोख घेण्यास मनाई झाली. २०२४ च्या मार्चमधील औषध-विपणनाच्या संहितेने कंपन्यांनाही बांधले आहे. एका औषधाचे वर्षाला एका डॉक्टरला १२ हून अधिक नमुना-पाकिटे नाहीत, आणि एका पाकिटात तिघा रुग्णांच्या कोर्सपेक्षा जास्त औषध नाही. डॉक्टरांना दिलेल्या भेटींचा खर्च कंपनीला करातून वजा करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये सांगितले. नमुने ठेवलेच तर वही करा: तारीख, बॅच, मुदत, कोणाला दिले. अपुरा कोर्स देऊन ‘उरलेल्या गोळ्या विकत आणा’ म्हणू नका, नमुन्याचा खरा उद्देश तोच असतो.

कमिशन नाकारणारे कोकणात नाहीत असे नाही. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरण्याच्या कामामुळे जगात ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी २०१३ मध्ये, रुग्ण तपासणीला पाठवल्याबद्दल आलेला १,२०० रुपयांचा चेक परत करून वैद्यक परिषदेकडे तक्रार केली होती.

रोजच्या कामात स्वतःची चाळीस-पन्नास औषधांची यादी करा, प्रत्येकापुढे जनऔषधीची किंमत लिहा. आणि संख्या मोजून लिहा. अमॉक्सिसिलिन ५०० दिवसातून तीनदा, पाच दिवस म्हणजे १५ गोळ्या. तुम्ही नुसते ‘एक पट्टी’ लिहिले की रुग्ण दहा घेतो, चौथ्या दिवशी सकाळची घेऊन थांबतो, ताप उतरलेला असतो म्हणून परत येत नाही. पंधरा लिहिले तर मेडिकलवाला पट्टी कापून देईल. मुदतीची तारीख असलेले टोक शेवटपर्यंत पट्टीला राहू द्या, एवढे त्याला बजावा.

बाळ दहा किलोचे आहे. तापाचे सिरप ‘५ मिलि’ लिहून दिले. घरात दुसऱ्या बाळाची जुनी बाटली आहे, तीच चालेल का?
(आई, दापोली)

बाटलीवरचा आकडा बघितल्याशिवाय नाही. पॅरासिटामॉलचे सिरप दोन ताकदींत येते: ५ मिलिलिटरमध्ये १२० ते १२५ मिलिग्रॅम, किंवा २५०. दहा किलोच्या बाळाला एका वेळी किलोमागे १५, म्हणजे १५० मिलिग्रॅम लागते. पहिल्या बाटलीतून ते सुमारे ६ मिलि, दुसरीतून ३ मिलि. दुसरीचे ५ मिलि म्हणजे २५० मिलिग्रॅम, बरेच जास्त. डॉक्टरांना विचारा, ‘कोणत्या ताकदीचे ५ मिलि?’ त्यांनी मिलिग्रॅम लिहायला हवे होते. दोन डोसांत निदान चार तास, दिवसात चारपेक्षा जास्त डोस नाहीत.

उघडलेली जुनी बाटली वापरू नका. सर्दीच्या मिश्र सिरपची तर नकोच. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेले औषध चार वर्षांखाली देऊ नये, असा इशारा लेबलवर छापण्याचा आदेश डिसेंबर २०२३ मध्ये निघाला आहे. मापाला स्वयंपाकघरातला चमचा नको, तो कधी तीनचा असतो कधी सातचा. मेडिकलमधून सुई नसलेली ५ मिलिची सिरिंज आणा.